पाच डबे, एक ढोल

सोमवार, ३ फेब्रुवारी

ही आज पुन्हा दाराच्या चौकटीवर आपटली. डावा खांदा. चौकट काय काल बसवलेली नाही, आम्ही या घरात आलो तेव्हापासून तिथंच आहे. मी म्हटलं, "अगं, दिसत नाही का?" तर म्हणे, "दिसतं की." आणि वळून पुन्हा तिथंच आपटली.

डोळे ठणठणीत आहेत, डॉक्टरनं तपासलेत. डोक्यात उजव्या बाजूला रक्त अडलं, तेव्हापासून हिची डावी बाजूच गेली. आंधळी नाही. पण डावीकडे काही असतं, हेच हिच्या डोक्यातून पुसलं गेलंय. ताटातलं उजवीकडचं खाते आणि हात धुवायला मागते. केस उजवीकडचेच विंचरते. परवा हिचाच डावा हात उचलून दाखवला, म्हटलं हा कुणाचा? म्हणाली, "तुमचाच असणार. वस्तू जागेवर ठेवायची सवय कुठाय तुम्हाला."

ताटाचं मी सोडवलंय. अर्धं संपलं की ताट स्टिअरिंगसारखं फिरवतो. राहिलेलं उजवीकडे येतं, ही खाते. याला डॉक्टर कशाला लागतो?

व्यायाम करून घ्यायला एक बाई येते. ती म्हणाली, आजोबा, रोज काय होतं ते लिहीत जा. मी सातवी पास. आयुष्यभर बस चालवली आणि लॉगशीट भरली. कधी सुटली, कधी पोचली, काय बिघडलं. तसंच लिहीन. त्यापेक्षा जास्त कुणी मागू नये.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

पलंगाच्या उजव्या दांडीला सायकलची घंटी बसवली. सारखं "अहो, अहो" ओरडून हिचा घसा बसत होता.

ही माझ्याच गाडीवर कंडक्टर होती. डेपोत म्हणायचे, ह्या दोघांचं लग्न बेलवर जमलं. मी पुढे, ही मागे. ड्रायव्हरनं मागे वळून बघायचं नसतं, मी कधी बघितलं नाही. एक बेल थांबा, दोन बेल चला. एवढ्यावर नोकरी झाली आणि संसारही झाला.

आता दिवसभर टिंग टिंग. पाणी. टिंग टिंग. उशी. टिंग टिंग. खिडकी लावा, खिडकी उघडा. दोन बेल झाल्या की निघायचं, मरेपर्यंत सवय जात नाही. एक बेल काही ही देत नाही.

दुपारी हिच्या डाव्या हाताला स्टुलावर बसून पेपर वाचत होतो. लेकीचा फोन आला तर ही सांगते काय, "हे कुठे गेलेत कोण जाणे. मी एकटीच आहे." मी हाताच्या अंतरावर! टोमणे कळतात मला. उठून उजवीकडे येऊन उभा राहिलो तर म्हणे, "आलात? ड्यूटी संपली?"

आजाऱ्याशी काय भांडायचं.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

व्यायामवाली म्हणाली, डाव्या बाजूला रेडिओ लावून ठेवा, म्हणजे मान वळेल. लावला. मान उजवीकडेच. म्हणाली, "शेजाऱ्यांना सांगा रेडिओ बारीक करायला." आमच्या उजवीकडे शेजारी नाहीत, रस्ता आहे.

दूध उतू गेलं. गॅसजवळच उभा होतो, तरी.

रविवार, ९ फेब्रुवारी

काल ही न्हाणीघराच्या दारात पडली. डावा पाय उंबऱ्याला अडकला, पाय आहे हेच लक्षात नाही. हाड शाबूत आहे. मांडी काळीनिळी झालीये.

लेकीला मी सांगणार नव्हतो. हिनंच सांगितलं, तेही हौसेनं, नवीन साडी घेतल्यासारखं.

लेक आज सकाळच्या गाडीनं आली. आल्या आल्या स्वयंपाकघर बघितलं, फ्रीज उघडला, बंद केला. मग मला बाल्कनीत बोलावलं.

"बाबा, हे असं चालायचं नाही. महिनाअखेरपर्यंत बघू. आईची मान डावीकडे वळायला लागली तर ठीक. नाहीतर दोघं माझ्याकडे चला. खोली रिकामी करून ठेवलीये."

"ती तुझ्याकडे रमणार नाही. तिसरा मजला, खाली कुत्रंसुद्धा ओळखीचं नाही."

"आणि तुम्ही काय खाता ते तरी सांगा. फ्रीजमध्ये अंडी आणि औषधं, बस्स."

विषय कुठला, लेक बोलते काय. म्हणजे सरळ आहे, महिना संपला की हिला घेऊन जाणार. माझ्या हातून होत नाही असं लेकीचं म्हणणं. मोठमोठ्या घाटात गाडी काढली मी, एक बाई सांभाळता येत नाही?

हिला विचारलं, जाशील का लेकीकडे? म्हणाली, "जाईन की. दोन दिवस. पाहुणी म्हणून." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "तिथं माझं कोण ऐकणार?"

मंगळवार, ११ फेब्रुवारी

उपाय सापडला. दोन दिवस डोकं खाजवत होतो आणि उत्तर आयुष्यभर डोळ्यांसमोर होतं. ज्या बाजूचं दिसत नाही त्या बाजूसाठी काय असतं? आरसा!

भंगारवाल्याकडून बसचा बाहेरचा आरसा आणला, दांडीसकट. उजव्या भिंतीला ठोकला. हिला डावी भिंत, दार, स्टूल, स्टुलावरचा चहाचा कप, सगळं आरशात दिसेल असा कोन लावला. मान वळवायची कटकटच नको.

"कप दिसतो का?"

"दिसतो."

"मग घे."

हिनं उजवा हात पुढे केला आणि बोटं आरशावर टक टक आपटली. पुन्हा टक टक. मग आरशाच्या मागे हात घालून चाचपलं. म्हणाली, "आत अडकलाय. कुणी ठेवला आत?"

मला हसू आलं. वाटलं गंमत करतेय. ही हसली नाही. काचेवर बोटं घासत राहिली, चहा गार होईपर्यंत.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

व्यायामवालीनं आरसा बघितला आणि कपाळाला हात लावला.

"आजोबा, हे कुणी सांगितलं होतं?"

"कुणी सांगायला लागतं?"

"अहो, त्यांना डावीकडे जायला लावायचंय आपल्याला. तुम्ही डावी बाजू उचलून उजवीकडे आणून दिलीत. आता त्या कशाला वळतील? ताटही फिरवता म्हणे तुम्ही!"

म्हणजे ताटही चुकलं. करायला गेलो एक आणि झालं एक.

मग तिनं समजावलं. रेडिओ डावीकडे ठेवला तो एका जागी बसून राहतो, हिच्या लेखी तो नाहीच. आवाज उजवीकडे सुरू व्हायला हवा, जिथं हिला कळतो तिथं. आणि मग हळूहळू डावीकडे सरकायला हवा, की हिचं लक्ष त्याच्या मागे मागे जाईल. वासराला चाऱ्याची पेंढी दाखवत नेतात तसं. सिनेमाच्या थिएटरात चारी बाजूंनी आवाज फिरतो, घरासाठीही तशी मशीन मिळते, स्वस्तातली. जमेलच असं नाही, म्हणाली, पण करून बघा.

आरसा काढला. भिंतीला भोकं राहिली.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

शेजारणीला तासभर बसवून दुकानात गेलो. टाय लावलेला पोरगेला विक्रेता. हसून हसून गाल दुखत असतील बिचाऱ्याचे.

"या काका! खोली केवढी आहे?"

"झोपायची आहे."

"म्हणजे किती बाय किती?"

"दहा बाय नऊ. त्यात पलंग, कपाट, स्टूल आणि आम्ही दोघं."

"छान. सिनेमे कुठले बघता? मारामारीचे?"

"बघत नाही."

"मग गाणी?"

"नाही."

"काका, मग ऐकणार काय?"

"ते तू सांग. मला आवाज उजवीकडून निघून डावीकडे चालत गेला पाहिजे."

त्यानं वॅट सांगायला सुरुवात केली. मी म्हटलं, भिंती पाडायच्या नाहीत मला. मग एक लांब दांडी दाखवली. टीव्हीखाली ठेवायची, वायरी नाहीत, आवाज भिंतींवर आपटवते आणि चारी बाजूंनी आल्याचा भास होतो.

"भास नको," मी म्हटलं. "भास घरी पुरेसे आहेत."

दुसरा प्रकार म्हणजे पाच छोटे डबे आणि एक मोठा ढोल. समोर तीन डबे, मागे दोन, ढोल कोपऱ्यात. सगळं वायरींनी जोडायचं. मला हे पटलं. डावीकडून आवाज हवा तर डावीकडे डबा हवा, साधी गोष्ट आहे.

लेकीला फोन केला तर ओरडली. "वायरी? आई चालताना पायात येतील! दांडी घ्या, बाबा." मागचे डबे बिनवायरचेही येतात, पण ते माझ्या पेन्शनला झेपणारे नाहीत.

दांडी घेतली. नाही आवडली तर आठवड्यात परत घेईन, विक्रेता म्हणाला.

रविवार, १६ फेब्रुवारी

दांडी म्हणजे शुद्ध थाप.

दुकानात भिंती मोकळ्या होत्या, तिथं आवाज फिरला. आमच्या खोलीत एकीकडे कपाट, दुसरीकडे जाड पडदा, मध्ये गादी आणि गादीवर गोधड्या. आपटायला जागाच नाही. मी स्वतः हिच्या जागेवर आडवा होऊन डोळे मिटून ऐकलं. सगळं समोरून. मोटार समोरून आली आणि समोरच गेली.

आडवा झालो तसा डोळा लागला. जाग आली तेव्हा ही उजव्या कुशीला बसून माझ्याकडे बघत होती. म्हणाली, "गाडी कुठे लावलीत?" म्हटलं, डेपोत. म्हणाली, "बरं केलंत."

बुधवार, १९ फेब्रुवारी

दांडी परत. विक्रेत्याचं हसू थोडं कमी झालं होतं.

पाच डब्यांचा संच घेतला. दुकानात मांडून ठेवलेला, एका डब्याला ओरखडा, म्हणून स्वस्त. ओरखड्याचा आवाज येत नाही ना, विचारलं. नाही म्हणाला.

"काका, मागचे दोन डबे कुठे लावणार? पलंगामागे किती जागा आहे?"

"पलंगामागे भिंत आहे."

"मग बाजूच्या भिंतींना लावा. उशीच्या सरळ रेषेत, निजल्यावर कान असतो त्याच्या थोडं वर. लहान खोली आहे, जवळ येतील, आवाज कमी ठेवा. नाहीतर डोकं उठेल." हे मात्र कामाचं बोलला. "आणि आजींना काय झालंय, विचारू का?"

सांगितलं. त्यानं वायर मोजून जास्तीची दिली आणि दाराशी येऊन रिक्षा थांबवून दिली. रिक्षात ढोल मांडीवर घेऊन बसलो. रिक्षावाला म्हणाला, आजोबा, वरात कुणाची?

गुरुवार, २० फेब्रुवारी

वायरी जमिनीवरून न्यायच्याच नाहीत. जुन्या गाड्यांत बेलची दोरी छताच्या कडेकडेनं जायची, तशी वरून नेली. खिळा, पट्टी, खिळा, पट्टी. कुणाच्या पायात येतील आता?

शिडीवर एकदा खोली फिरली. सकाळपासून चहावर होतो, दुसरं काय असणार. उतरून बसलो थोडा वेळ. ही उजवीकडच्या डब्याकडे बघत म्हणाली, "छान झालं. एकच का लावला?" पाच लावले होते.

ढोल ठेवायला कोपरा नाही. कोपऱ्यात कपाट आहे. पलंगाखाली सरकवला.

आणि फसलो. काही न वाजवता नुसता चालू केला तरी तो गुरगुरतो. घर्रर्रर्र, बारीक, सारखं. पलंगाची दांडी थरथरते, स्टुलावरच्या पेल्यातलं पाणी हलतं. विक्रेत्याला फोन केला. म्हणाला, स्वस्त ढोलात होतं कधीकधी, बदलून देतो, घेऊन या.

मी पलंगाखाली वाकलो तर ही म्हणाली, "राहू द्या."

"अगं, गुरगुरतोय."

"इंजिन गरम होतंय. राहू द्या."

झोपली लगेच. दुपारभर झोपली, घंटी नाही काही नाही. इतकी गाढ झोप आजारपणात पहिल्यांदाच. मग नाही बदलायला नेला. पुन्हा एवढं ओझं घेऊन कोण जाणार?

रविवार, २३ फेब्रुवारी

लेक आली. येताना विमानांच्या लढाईचा सिनेमा घेऊन आली. टीव्हीला डबे जोडून दिले.

मशीन खरी आहे, हे कबूल. विमान उजव्या डब्यातून निघालं, डोक्यावरून डावीकडे गेलं. मी आणि लेक दोघांनी मान वळवली. हिनं नाही वळवली. पहिला बाँब पडला तशी हिनं उजव्या हातानं उजवा कान झाकला आणि रडायला लागली. "कुणाची गाडी ठोकली? किती लागलं?" पुन्हा पुन्हा तेच.

बंद केलं. गाणी लावली. गाणी ऐकली, मान डोलावली, उजवीकडे.

लेक बाल्कनीत जाऊन उभी राहिली. डोळे पुसून आत आली आणि माझा हात धरला. "हे काय भाजलंय?"

"तवा."

"कधी? औषध नाही लावलंत?"

"तव्याला औषध लागत नाही."

हसली नाही. म्हणाली, "बाबा, शनिवारी येते. बॅग घेऊन." म्हटलं, अजून महिना संपला नाही. म्हणाली, "शनिवारी संपलेला असेल."

बुधवार, २६ फेब्रुवारी

रोज संध्याकाळी अर्धा तास डबे लावतो. पाऊस, पक्षी, गर्दी, रेल्वेगाडी. व्यायामवाली म्हणते, कंटाळू नका. ती आठवड्यातून दोनदा येते, तिला काय जातंय.

आज चिडून रिमोटची बटणं दाबत सुटलो. एका बटणानं सगळं बंद पडलं आणि नुसता 'शूऽऽ' असा आवाज यायला लागला. आधी समोरच्या डब्यातून, मग पुढच्या, मग पुढच्या, एकेक करत खोलीभर फिरला. पुस्तिकेत बघितलं, डबे तपासायचं बटण आहे. उजव्या मागच्या डब्यातून शूऽऽ, मग डाव्या मागच्यातून शूऽऽ.

ही म्हणाली, "दार."

मी उठलो, खोलीचं दार लावलं. येऊन बसलो. आवाज फिरत फिरत पुन्हा डाव्या मागच्या डब्यात आला.

"दार."

"लावलं ना!"

"दार, दार!" पलंगावर हात आपटते. उठून दाराला कडी घातली, खिडकी लावली, कपाटाचं दार लावलं. तरी "दार!" मी ओरडलो. फार ओरडलो. रिमोट गादीवर टाकला आणि बाल्कनीत जाऊन बसलो.

आतून दोन बेल झाल्या. गेलो नाही.

पुन्हा दोन. मग गेलो.

शुक्रवार, २८ फेब्रुवारी

उद्या शनिवार. हिची लुगडी घडी करून ठेवावी म्हटलं. दोन घड्या केल्या आणि ठेवून दिल्या. लेक करेल.

रात्रीचं जेवण केलं नाही, भूक नव्हती. हिला भरवलं. ताट फिरवलं नाही, व्यायामवालीनं सांगितल्यापासून फिरवत नाही. अर्धा भात तसाच राहिला. तो मीच खायला घेतला, पण नाही गेला.

शनिवार, १ मार्च

आज झालेलं नीट लिहितो, लेक म्हणते सगळं लिहा.

लेक सकाळीच आली, रिकामी बॅग आणि स्वतःची पिशवी घेऊन. व्यायामवालीलाही तिनं बोलावून घेतलं होतं, शेवटचं बघायला. ती हिच्या समोर बसली, बोट वर धरलं, म्हणाली, आजी, बोटाकडे बघा. बोट मध्यावर येईपर्यंत हिची नजर आली. तिथून पुढे बोट गेलं, नजर राहिली. व्यायामवालीनं लेकीकडे बघितलं. लेकीनं कपाट उघडलं.

मी माझ्या स्टुलावर, हिच्या डावीकडे. कुठे बसणार दुसरीकडे, उजवीकडे त्या दोघी.

कपड्यांच्या घड्या पडायला लागल्या तशी ही म्हणाली, "कुणाची बदली झाली?"

"आई, माझ्याकडे चाललीस तू."

"आणि हे?"

"तेही येतायत."

"ते कुठेत पण? त्यांना विचारलंत का? महिना झाला, ड्यूटीवरून घरी आलेला माणूस नाही दिसला धड. येतो, उभा राहतो, जातो."

मी दोन हातांच्या अंतरावर बसून ऐकतोय.

व्यायामवालीला काय वाटलं, म्हणाली, "आजोबा, ते डाव्या बाजूचे डबे वाजतात ना नक्की? मागचा?" म्हणजे माझ्या वायरिंगवर शंका. म्हटलं, थांबा, दाखवतो. पलंगाखाली हात घालून ढोल चालू केला, घर्रर्र सुरू झालं. तपासायचं बटण दाबलं. समोरून शूऽऽ. उजवीकडून शूऽऽ. उजव्या उशीजवळून शूऽऽ.

डाव्या उशीजवळून शूऽऽ.

"दार," ही म्हणाली.

मी व्यायामवालीला म्हटलं, "हे असं. परवा सगळी दारं लावली घरातली, तरी दार दार."

ती एकदम ताठ बसली. हिला म्हणाली, "कुठलं दार, आजी?"

हिला राग आला. बिनतिकिटाच्या माणसावर यायचा तसा. "कुठलं काय कुठलं? हवा सुटली ऐकू येत नाही? दार उघडलंय, गाडी चालू आहे, आणि तुम्ही सगळे बसून काय राहिलात!"

आवाज फिरून परत डावीकडे आला. शूऽऽ.

आणि हिची मान वळली. झटकन नाही. गंजलेलं फाटक ढकलावं तशी, थांबत थांबत. हनुवटी छातीवरून सरकली, खांद्याच्या पुढे गेली. डोळे पुढे, मान मागून. लेकीच्या हातातली साडी तिथंच राहिली.

"दारातले आत सरका!" ही ओरडली. जुन्या आवाजात. "आत जागा आहे, आत सरका!"

आणि मी दिसलो तिला.

बघत राहिली. वरून खाली बघितलं. मी पण बघत राहिलो. इतके दिवस मी हिला बघतोय, हिनं मला बघितलंच नव्हतं, हे तिथं बसून कळलं मला.

"अहो," ही म्हणाली, "तुम्ही इथं? मग गाडी कोण चालवतंय?"

लेक हसायला लागली, मग रडायला लागली, मग दोन्ही एकदम. व्यायामवाली विचारत होती, हे काय झालं, कसलं दार? मी सांगितलं तिला. आमच्या गाडीला दार डावीकडे होतं. हवेवर उघडायचं, शूऽऽ करून. कंडक्टरची मान सगळी नोकरी डावीकडे, चढणारे उतरणारे मोजत. खाली इंजिन गुरगुरतंय आणि डावीकडे हवा सुटली, म्हणजे स्टॉप आला. मला सुचायला हवं होतं. पण मी पुढे बघणारा माणूस. तो आवाज जन्मभर माझ्या पाठीमागे झाला.

"मी इथंच बसलोय," हिला म्हटलं. "रोज. याच स्टुलावर."

"मग सांगायचं नाही का?"



व्यायामवाली म्हणाली, ही सुरुवात आहे, उद्या वळेल परवा नाही वळणार, पण आता यांना इथून हलवू नका, याच पलंगावर, याच ढोलावर रोज करून घ्या. लेकीनं साड्या परत कपाटात ठेवल्या. मग पिशवीतून स्वतःचे कपडे काढून त्याच कप्प्यात ठेवायला लागली.

"हे काय?" मी म्हटलं.

"पंधरा दिवस राहतेय. नंतर सकाळी कामाला एक बाई लावू."

"काही गरज नाही. मी आहे ना. सगळं नीट चाललंय. उगाच बायांचा बाजार..."

ही अजून माझ्याकडेच बघत होती. मान थकून थोडी परत गेली होती, पण डोळे माझ्यावर. "दाढी बघा," म्हणाली. "गाल बघा आत गेलेले. शर्ट कुणाचा घातलाय?"

"माझाच आहे."

"तुमचा नाही वाटत. तुमच्या शर्टात माणूस असायचा."

मी लेकीकडे वळलो. म्हटलं, हे बघ पोरी, सकाळचं मी करतो, दुपारी ही झोपते तेव्हा बाजार, संध्याकाळी डबे, त्यात अवघड काय आहे, मी अजून...

टिंग.

वाट बघितली. दुसरी आली नाही. हिचा हात घंटीवर होता, दुसरी द्यायची नाही म्हणून मूठ घट्ट मिटलेली.

लेकीला वाटलं आईला पाणी हवंय, ती पेला घेऊन आली. पाणी नको होतं हिला. मी बोलायचा थांबलो. चपला काढल्या, पलंगाच्या डाव्या अंगाला जागा होती, तिथं आडवा झालो. खालून इंजिन गुरगुरत होतं.

एक बेल म्हणजे थांबा. कंडक्टरनं दिली की ड्रायव्हरनं कारण विचारायचं नसतं.